मांजराचे पिल्लू आणि चार दिवसांची रोजी



जिल्हा बैठकीच्या अंकात अग्रलेख म्हटला की कापूस, कांदा, सोयाबीन, ऊस, वीजबिल, कर्ज यांपैकी काहीतरी असणार, अशी वाचकांची अपेक्षा असते. ती रास्तच आहे. या वेळचा अग्रलेख मात्र मांजराच्या पिल्लावर आहे. कोणी म्हणेल, संपादकांकडे विषय संपले. खुशाल म्हणावे, पण शेवटपर्यंत वाचून म्हणावे. कारण या पिल्लाच्या निमित्ताने जो हिशेब मांडायचा आहे, तो कापसाच्या हिशेबापेक्षा वेगळा नाही. कापसात आपला घाम स्वस्त धरला जातो. इथे आपला जीव स्वस्त धरला जातो.

शेतकऱ्याच्या घरी मांजर हौसेने पाळले जात नाही. कणगीतले धान्य, खळ्यावरची रास, बियाण्याची पोती उंदरांपासून राखायला ते लागते. त्याला कोणी नाव ठेवत नाही, दवाखान्यात नेत नाही. मांजरी वैरणीच्या गंजीत किंवा माळ्यावर विते. महिनाभराने चार पिल्ले अंगणात येतात आणि घरातली, शेजारची, सालगड्याची पोरे त्यांच्यामागे लागतात. उचलतात, कुरवाळतात, भाकरीचा तुकडा भरवतात. पिल्लू नखे मारते, दात लावते. पोर रडत आईकडे येते. आई हळद लावते, एक धपाटा घालते आणि कामाला लागते. कुत्रा चावला तर निदान घरात बोलणे होते. मांजराने ओरबाडले तर ते चावणे म्हणून मोजलेच जात नाही.

शंभरातल्या बहुतेक वेळा काही होतही नाही, आणि त्यामुळेच आपण बेफिकीर राहतो. पण त्या मांजरीला किंवा पिल्लाला आठ-पंधरा दिवसांपूर्वी रात्री गोठ्यामागे पिसाळलेल्या कुत्र्याने धरले असेल, आणि ते त्यातून वाचून पुन्हा अंगणात आले असेल, तर ते कोणी पाहिलेले नसते.

हा रोग काय आहे

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. तो दाताच्या जखमेतून, नखाच्या ओरखड्यातून, किंवा डोळा, ओठ, उघडी जखम यांना लाळ लागली तरी शरीरात शिरतो. मांजर सतत आपले पंजे चाटते, म्हणून त्याचा ओरखडाही कुत्र्याच्या चाव्याइतकाच गंभीर मानायचा. मांजराचे दात सुईसारखे बारीक असतात. वरून जखम टिकलीएवढी दिसते आणि आत खोल गेलेली असते.

शिरलेला विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे जातो. साधारणपणे त्याला एक ते तीन महिने लागतात. कधी काही आठवडे, कधी वर्षापेक्षाही जास्त. जखम डोक्याजवळ असेल तर वाट लहान, म्हणून लहान मुलांना धोका मोठा. हा वाटेतला काळच आपल्या हातात असतो. त्यात लस आणि सीरम मिळाले तर माणूस वाचतो. पाण्याची भीती, वाऱ्याची भीती, घशाला आचके ही लक्षणे एकदा सुरू झाली की मग मुंबईचे इस्पितळ असो की अमेरिकेतले, मृत्यू जवळजवळ अटळ आहे. असा दुसरा रोग सापडणे कठीण: लक्षणांआधी उपचार केला तर बहुधा हमखास बचाव, लक्षणांनंतर बहुधा हमखास मरण.

याचा सरळ अर्थ असा की रेबीजने मेलेला जवळजवळ प्रत्येक माणूस वाचवता आला असता. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली ती ६ जुलै १८८५ रोजी. त्याला १४० वर्षे उलटून गेली. इतक्या वर्षांनंतर गावात कोणी या रोगाने मरत असेल, तर ते औषधाचे अपयश नाही, व्यवस्थेचे आहे.

कोणते जनावर, कधी शंका घ्यायची

माणसाला होणारा रेबीज बहुतेक वेळा कुत्र्यापासूनच येतो, हे खरे. पण कुत्रा पिसाळला की तो माणसालाच चावतो असे नाही. मांजर, गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, जे समोर येईल त्याला चावतो. रानात कोल्हा, लांडगा, मुंगूस यांनाही हा रोग होतो. मुंगूस किंवा कोल्हा चावला तर वाट पाहायचीच नाही, थेट दवाखाना गाठायचा. उंदीर-घुशीच्या चाव्याने रेबीज सहसा होत नाही. तरी जखम धुवावी आणि डॉक्टरांना विचारावे.

पिसाळलेले मांजर एक तर अंगावर येते, आवाज बदलतो, लाळ गळते. नाही तर अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन पडते, मागचे पाय लुळे पडतात. पळून जाणारे रानटी पिल्लू एके दिवशी निमूट हातात येऊ लागले तर 'माणसाळले' म्हणून आनंद मानू नका. शंका घ्या.

गोठ्यातली गोष्ट तर आणखी धोक्याची. म्हैस चारा सोडते, लाळ गाळते, घोगऱ्या आवाजात हंबरते, घास गिळता येत नाही. आपण समजतो, घशात काही अडकले. मग घरधनी बाह्या सरसावून तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो. हाताला विळ्याच्या, उसाच्या पाचटाच्या चिरा असतातच. म्हैस दोन-चार दिवसांत मरते आणि आपण लाखाच्या नुकसानीचा शोक करत बसतो. हाताची आठवण कोणाला राहत नाही. अशा वेळी तोंडात हात घालण्याआधी पशुवैद्यकाला बोलवा. हात घालून झाला असेल तर साबणाने धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

अशा म्हशीचे दूध गावभर गेलेले असते. मग घबराट उठते आणि शे-दोनशे माणसे आरोग्य केंद्रावर रांग लावतात. दूध उकळले की विषाणू मरतो आणि दुधातून माणसाला रेबीज झाल्याचा पुरावा नाही. ते दूध यापुढे वापरू नये, हे खरे. पण उकळलेले दूध प्यायलेल्या माणसाला लशीची गरज नसते. या रांगेत तालुक्याची लस संपते आणि दुसऱ्या दिवशी खरोखर चावा घेतलेले पोर रिकाम्या हाताने परत जाते.

चावल्यावर काय करायचे

पहिले काम घरचेच आहे आणि फुकट आहे. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, जखम पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. मोटारीच्या पाण्याखाली, हापशाखाली, तांब्याने ओतून, कसेही. असेल तर वर जंतुनाशक औषध लावायचे. हळद, तिखट, चुना, तेल, तंबाखू यांतले काहीही जखमेत भरायचे नाही. त्याने विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते. मांत्रिकाकडे नेऊन 'उतरवण्यात' जो दिवस जातो, तो दिवस रोग्याचा असतो.

दुसरे काम त्याच दिवशी लस. नुसते खरचटले, रक्त आले नाही, तरी लस घ्यायची. रक्त आले, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली, तर लशीबरोबर जखमेत भरायचे सीरमही घ्यायचे. लस शरीराला लढायला शिकवते, पण त्याला आठवडाभर तरी लागतो. तोवर जखमेतला विषाणू सीरम रोखते. सीरम पहिल्याच दिवशी मिळावे. पहिल्या लशीनंतर सात दिवसांच्या पुढे त्याचा उपयोग नाही. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसारख्या कंपन्यांनी सीरमऐवजी वापरायची प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडेही बाजारात आणली आहेत. गरोदर बाई, बाळंतीण, तान्हे मूल, कोणालाही ही लस वर्ज्य नाही. पूर्वी कधी पूर्ण लस घेतलेली असेल तर दोनच मात्रा पुरतात आणि सीरम लागत नाही; म्हणून जुना कागद जपून ठेवावा.

'पोटात चौदा इंजेक्शने' ही जुनी धास्ती अजून गावात आहे. ती खोटी नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस कसौलीच्या संस्थेत सेंपल या डॉक्टरने १९११ च्या सुमारास तयार केली आणि देशात ती जवळजवळ शंभर वर्षे चालली. डिसेंबर २००४ मध्ये ती बंद झाली. आता लस दंडात दिली जाते. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत, दर वेळी दोन ठिकाणी, पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. पहिली मात्रा घेतलेल्या दिवसाला शून्य दिवस धरून हे दिवस मोजायचे. दंडातल्या स्नायूत दिली तर चौदाव्या दिवशी एक फेरी वाढते.

तिसरे काम जनावरावर नजर ठेवण्याचे. कुत्रा किंवा मांजर चावल्यापासून दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहिले तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजतात, आणि डॉक्टर उरलेली लस थांबवू शकतात. पण लस आधी सुरू करायची आणि नजर मग ठेवायची. 'दहा दिवस पाहू, मग बघू' हा उलटा हिशेब जिवावर येतो. अंगणातले पिल्लू तर दुसऱ्या दिवशी दिसेनासेच होते. हा दहा दिवसांचा नियम फक्त कुत्र्या-मांजराला लागू आहे, रानातल्या जनावराला नाही.

फुकट लशीची किंमत

इथून पुढचा मुद्दा चळवळीचा आहे. सरकार सांगते, लस फुकट आहे. कागदावर ती फुकटच आहे. आता खळ्यावर बसून हिशेब करू.

आईने पोराला घेऊन चार खेपा करायच्या. एक खेप म्हणजे एक दिवसाची रोजी. रोजी ४०० रुपये धरली तर १,६०० रुपये गेले. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे एका खेपेला १०० रुपये धरा, ४०० झाले. फुकट लस २,००० रुपयांना पडली. पहिल्या दिवशी आरोग्य केंद्रात लस आहे पण सीरम नाही, म्हणून जिल्ह्याला धाडले, तर तो दिवस आणि ते भाडे निराळे. तिथेही नसले तर बाहेरून आणा असे सांगतात. माणसाच्या रक्तापासून केलेले सीरम हजारो रुपयांचे असते. आपापल्या गावची रोजी आणि भाडे घालून प्रत्येकाने हा हिशेब करून पाहावा. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचे पोर असेल तर चौथी मात्रा कोणत्या जिल्ह्यात घ्यायची, हा प्रश्न आणखी वेगळा.

काही ठिकाणी तर कुपी फोडायलाच तयार नसतात. कातडीत टोचायची लस एका कुपीत दोन ते पाच जणांना पुरते आणि फोडलेली कुपी काही तासांत संपवावी लागते. म्हणून 'चार जण जमू द्या, गुरुवारी या' असे सांगितले जाते. औषध वाया जाऊ नये याची एवढी काळजी! माणूस वाया गेला तर त्याची नोंद मात्र कोणत्याही साठा-वहीत होत नाही.

हे आमच्या मनाचे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मध्ये १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत पाहणी केली. देशात वर्षाला सुमारे ९१ लाख माणसांना जनावरे चावतात, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश चावे कुत्र्यांचे, उरलेले मांजर, माकड वगैरे इतर जनावरांचे. कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाने लस घेतलीच नाही. सुरू केलेल्यांपैकीही बऱ्याच जणांनी ती पुरी केली नाही. पाहिलेल्या सरकारी दवाखान्यांपैकी सुमारे ८० टक्के ठिकाणी लस होती. सीरम सुमारे २० टक्के ठिकाणीच होते. म्हणजे रक्त आलेल्या जखमेला जे औषध पहिल्या दिवशी हवे, ते पाचातल्या चार दवाखान्यांत नाही.

आणि मेले किती? याच पाहणीचा अंदाज वर्षाला ५,७२६ माणसांचा. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज १८ ते २० हजारांचा. दोन आकड्यांत तिपटीचा फरक. कांद्याचे उत्पादन किती टनांनी वाढले हे सरकारला तोंडपाठ असते, कारण त्यावर निर्यात रोखायची असते. या रोगाने माणसे किती मेली हे मात्र अंदाजाने सांगावे लागते, कारण ती बहुतेक घरीच, दार लावून मरतात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात प्रकरण उभे राहिले. ११ तारखेला एक हुकूम निघाला, २२ तारखेला तो बदलला. वाहिन्यांवर रात्रंदिवस चर्चा झाली. कुत्र्यांच्या बाजूने मोर्चे निघाले, विरोधातही निघाले. त्या लोकांच्या भीतीची आम्ही थट्टा करत नाही. त्यांचीही पोरे पोरेच आहेत. पण 'इंडिया'त कुत्रा चावला की चर्चा होते आणि 'भारता'त चावला की हळद लावली जाते, हा फरक नजरेआड करता येणार नाही. दिल्लीत चावलेल्या माणसाला रिक्षाने अर्ध्या तासात सीरम गाठता येते. आपल्याला आधी मुक्कामी एसटीची वेळ पाहावी लागते.

आपलेही काही चुकते

सरकारला जाब विचारताना आपले अंगण झाडून घेतले पाहिजे. नको असलेली पिल्ले गोणीत घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर किंवा आठवडी बाजारात सोडून यायची, ही आपली रीत आहे. जीव घेण्याचे पाप नको म्हणून आपण हे करतो. पण गावकुसाबाहेर सोडलेली ती पिल्ले उकिरड्यावर कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. आपण आपली अडचण शेजारच्या गावाच्या पोरांवर ढकलतो, आणि शेजारचे गाव आपल्या पोरांवर.

मेलेले ढोर उघड्यावर टाकण्याची रीतही तशीच. पूर्वी गिधाडे दोन-चार तासांत सांगाडा साफ करत. मग गुरांना डायक्लोफिनॅक टोचले जाऊ लागले आणि ते मांस खाऊन गिधाडे मेली. गुरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ संपली होती. त्यांच्या वाटणीचे मांस आता भटक्या कुत्र्यांना जाते, आणि कुत्रे वाढतात. मेलेले जनावर खोल खड्ड्यात पुरणे हे ग्रामपंचायतीचेही काम आहे आणि आपलेही.

कुत्रे मारून हा प्रश्न सुटत नाही. मारलेल्यांच्या जागी शेजारच्या शिवारातले, लस न टोचलेले कुत्रे येतात. सुटतो तो लशीने. एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली तर रोगाची साखळी तुटते. कुत्र्यांतला रोग आटला की मांजरातला, म्हशीतला आणि माणसातलाही आटतो. हे पुस्तकातले नाही, शेजारी गोव्यात झालेले आहे. तिथे राज्य सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली. २०१८ पासून पुढची काही वर्षे तिथे रेबीजने माणसाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. केंद्र सरकारनेही २८ सप्टेंबर २०२१ रोजी देशाचा आराखडा काढला. कुत्र्यापासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा, असे त्यात म्हटले आहे. गोव्याची माणसे आणि कुत्रे काही वेगळ्या मातीचे नाहीत. फरक आहे तो ठरवून काम करण्याचा.

बैठकीपुढचे ठराव

या जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडावेत, असे आम्ही सुचवतो.

एक. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सीरम बाराही महिने असलेच पाहिजे. आजचा साठा किती, हे दाराबाहेर फळ्यावर रोज लिहिले पाहिजे.

दोन. एकटा रुग्ण आला तरी कुपी फोडली पाहिजे. 'गुरुवारी या' हे उत्तर बंद झाले पाहिजे.

तीन. एका केंद्रावर सुरू केलेली लस राज्यातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात पुरी करून मिळाली पाहिजे. ऊसतोड मजुरांच्या तळावर तिची सोय झाली पाहिजे.

चार. पशुवैद्यकीय दवाखान्याने वर्षातून एकदा गावात येऊन कुत्र्यांना आणि मांजरांना लस टोचली पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या गुरांसाठीही लस तिथे असली पाहिजे.

पाच. या रोगाने दगावलेल्या दुभत्या जनावराची भरपाई शेतकऱ्याला मिळाली पाहिजे. म्हणजे शेतकरी रोग लपवणार नाही, लगेच कळवेल.

हे दान नाही. शेतीमालाचे भाव पाडून शहरांचे पोट ज्यांनी भरले, त्यांच्या पोराला चाव्याच्या दिवशी एक सुई मिळावी, एवढीच ही मागणी आहे.

आणि ठरावाची वाट न पाहता करायचे ते काम वेगळे. बैठकीहून घरी गेल्यावर गंजीतली पिल्ले मोजा. तीन महिन्यांची झाली की त्यांना आणि दारच्या कुत्र्याला लस टोचून आणा. पोरांना जवळ बसवून सांगा: ओरबाडले, चावले, तर लपवायचे नाही, मार बसणार नाही. मार बसेल म्हणून पोर गप्प राहते, आणि जे गप्प राहते त्याचा हिशेब आपल्याला दोन महिन्यांनी कळतो. न्हाणीपाशी साबणाची वडी ठेवा. शाखेच्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन लस आहे का, सीरम आहे का, एवढे दोनच प्रश्न विचारावेत आणि मिळालेले उत्तर तारखेसह पुढच्या बैठकीला लिहून आणावे.

पुढच्या अंकात ती उत्तरे तालुकावार छापू. मग फळ्यावर साठा लिहायला कोण तयार आहे आणि कोण नाही, ते सगळ्या जिल्ह्याला दिसेल.